पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांच्या आवडीतून लिहितं कसं करायचं? (सोलापूर, मदत हवी आहे)

अनुस्वार | ८ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथं बरेच शिक्षक वाचायला येतात, म्हणून हा धागा काढतेय.

मी सोलापुरात एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. माहेर साताऱ्याकडचं, लग्नानंतर चार वर्षांपूर्वी इथं आले. यंदा माझ्याकडे बी.कॉम. पहिल्या वर्षाचा लेखनकौशल्याचा तास आहे. पटावर ६२, बाकांवर पस्तीस-चाळीस. तास सकाळी ७:४०चा, कारण निम्मी मुलं अकरापासून कामाला जातात. कुणी गारमेंटमध्ये, कुणी नवी पेठेत दुकानात, कुणी घरच्याच कारखान्यात. (चार यंत्रमागांच्या शेडलाही इथं कारखानाच म्हणतात, हे मला इथं आल्यावर कळलं.)

जुलैमध्ये पहिलं लेखन दिलं, 'माझा आवडता सण'. ३८ वह्या आल्या. त्यातल्या ११ वह्यांची सुरुवात 'भारत हा सणांचा देश आहे' या वाक्यानं होती. उरलेल्यांत 'मानवी जीवनात सणांना अनन्यसाधारण महत्त्व आहे'. वाचताना वाटलं की दहावीच्या गाइडचं एकच पान ३८ जणांनी मला परत आणून दिलंय. आणि ही तीच मुलं, जी तासाआधी व्हरांड्यात इतकं रंगून बोलतात की मला आत बोलवायला जीवावर येतं.

मग मला वाटलं, विषय माझा नको, त्यांचाच घेऊ. चिठ्ठ्या वाटल्या. 'तुम्हाला काय आवडतं?' उत्तरं अशी आली: क्रिकेट, मोबाईल, गाणी ऐकणे, फिरणे, मित्रांसोबत वेळ घालवणे. त्यावर लिहायला सांगितलं तर 'क्रिकेट हा सर्वांचा आवडता खेळ आहे'. म्हणजे सणाच्या जागी क्रिकेट बसलं, बाकी निबंध तोच.

तिसऱ्या आठवड्यात जे झालं त्यामुळे हा धागा. वर्णन कसं करावं हे सांगताना मी सोलापुरी चादरीचं उदाहरण घेतलं आणि म्हणाले, "चादरीवर मोर छापलेला असतो." मागच्या बाकावरून एक मुलगा, जो तोवर हजेरीपलीकडे एक शब्द बोलला नव्हता, म्हणाला, "मॅडम, छापत नसतंय. विणतानाच येतंय ते."

मी विचारलं, कसं? तो उठून फळ्यापाशी आला. जॅकार्डला, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राला, पुठ्ठ्यांची माळ असते. पुठ्ठ्याला भोकं असतात. जिथं भोक तिथं सुई आत शिरते, तिचा हूक ताण्याचा (उभा) धागा वर उचलतो. जिथं भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. मग मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. मोराची मान वाकडी आली तर पुठ्ठ्यांचा क्रम चुकलाय. दहा मिनिटं बोलला. वर्ग गप्प.

मी त्याला म्हटलं, हेच मला लिहून दे, मला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दीड पान आलं. शुद्धलेखन यथातथा. 'माळ' आणि 'मान' एकाच ओळीत अदलाबदल झालेले. पण 'अनन्यसाधारण' कुठंही नाही. मी समासात शेरा न देता प्रश्न लिहिला: माळ तुटली तर काय करता? त्यानं न सांगता आणखी एक पान लिहून आणलं.

आता माझा प्रश्न. हे त्या एकाचं झालं, तेही माझ्या चुकीमुळे. बाकीच्या साठ जणांचं काय? 'आवड विचारा' असं सगळे सांगतात, पण विचारल्यावर आवड हाताला लागत नाही, हा माझा अनुभव. शिवाय अर्ज, इतिवृत्त, अहवाल, जाहिरात हे सगळं सत्र संपायच्या आत व्हायला हवंय. तुम्ही काय करता?

---

वाचनवेडी | ८ ऑगस्ट, रात्री १०:५१

मोराची मान वाकडी आली तर पुठ्ठ्यांचा क्रम चुकलाय! माझ्या अंगावर तीच चादर आहे आत्ता. उलटून बघितली.

---

माळढोक | ९ ऑगस्ट, सकाळी ६:३०

ताई, कळकळ पोचली. मी बार्शी तालुक्यात ३१ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका.

आवडीचं लिहा म्हटलं की मुलं खुलतात, हे खरं. पण लेखन म्हणजे नुसतं खुलणं नाही. उद्या हाच मुलगा बँकेत अर्ज घेऊन जाईल, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहील. तिथं त्याला मोर कुणी विचारणार नाही. 'महोदय' कुठं, 'विषय' कुठं, तारीख कोणत्या बाजूला, हे हातात बसावं लागतं, आणि ते सरावानंच बसतं. गाइडमधला निबंध वाईट, मान्य. पण ज्या घरात दुसरं छापील पान येत नाही तिथं प्रमाण मराठीची पहिली ओळख त्या गाइडनंच होते. ती काढून घेतली तर हातात काय देणार, याचा विचार आधी करा.

---

खडूफळा | ९ ऑगस्ट, दुपारी १:१५

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजी संवादकौशल्य शिकवतो. भाषा वेगळी, दुखणं हेच.

अनुस्वार, तुमचा प्रश्न चुकला होता असं मला वाटतं. 'काय आवडतं' हा प्रश्न पाहुणे लहान मुलांना विचारतात. त्याला ठरलेली उत्तरं असतात, तीच तुम्हाला मिळाली. त्या मुलानं लिहिलं कारण तुम्ही चुकलात आणि तो बरोबर होता. त्या घटकेला वर्गात त्याच्याकडं जास्त माहिती होती. म्हणून 'कशात दुसऱ्याची चूक तुमच्या लगेच लक्षात येते?' असं विचारून बघा. ज्याला पिक्चरमधलं खोटं गाडी चालवणं खटकतं त्याला गाडी कळते.

दुसरं, अमेरिकेत महाविद्यालयीन लेखन शिकवणाऱ्या दोघांच्या पद्धती मी वापरतो. पीटर एल्बो यांची: दहा मिनिटं हात न थांबवता लिहायचं, खोडायचं नाही, मागं वळून वाचायचं नाही, काही सुचलं नाही तर 'सुचत नाही' असंच लिहायचं. हे कागद मी तपासत नाही, गोळाही करत नाही. पहिले दोन आठवडे मुलं पेनाशी खेळतात, तिसऱ्यापासून हात चालायला लागतो. दुसरी केन मॅक्रोरी यांची, १९८० च्या सुमाराची: मुलानं स्वतःला पडलेला खरा प्रश्न घ्यायचा आणि तो शोधतानाची गोष्ट लिहायची. मला हे का जाणून घ्यायचंय, आधी काय ठाऊक होतं, कुणाकुणाला विचारलं, काय सापडलं. माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न होता, 'माझ्या गाडीचा सायलेन्सर बदलला तर पोलीस नेमकं कशाबद्दल दंड करतात?' तो आरटीओत जाऊन आला, गॅरेजवाल्याशी बोलला, नियम वाचले. ज्यानं कधी परिच्छेद पाडला नव्हता त्यानं सहा पानं लिहिली.

माळढोक सर, तुमचा मुद्दा पूर्ण पटतो. म्हणून अर्जही खराच लिहायला लावतो. ज्याची त्याला गरज आहे तो, आणि लिहून झाल्यावर खरोखर नेऊन द्यायचा.

---

माळढोक | ९ ऑगस्ट, रात्री ८:०५

खरा अर्ज आणि खरी पोच. हे चांगलं आहे. हे मी केलं नाही कधी.

---

कांडी | १० ऑगस्ट, रात्री ११:४०

सोलापूरचा, आता पुण्यात आयटीत. आमच्याकडं सहा माग होते, टॉवेलचे. शाळेतून आलो की धाग्याच्या कांड्या भरायचो, म्हणून हे नाव.

त्या मुलाला एक गोष्ट सांगा. हे पुठ्ठ्यांचं यंत्र फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यानं १८०४ साली केलं. भोक म्हणजे 'हो', भोक नाही म्हणजे 'नाही'. पुढं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणनयंत्राला हुकूम द्यायला याच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. मी रोज ज्या यंत्रावर काम करतो त्याचा एक पणजोबा आमच्या शेडमध्ये खडखडत होता, आणि हे मला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी एका परदेशी पुस्तकात वाचायला मिळालं. बारा वर्षं शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं, मी काय बघत मोठा झालो हे कुणाला माहीतच नव्हतं.

दहावीत मी 'यंत्र : शाप की वरदान' यावर निबंध लिहिला होता. त्यात ट्रॅक्टर होता, संगणक होता, अणुबॉम्ब होता. माग नव्हता. माग निबंधात येऊ शकतो हे मला कळलंच नव्हतं.

---

मंगळवेढेकर | ११ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी शिक्षक नाही, शेतकरी. माझा मुलगा मागल्या वर्षी तुमच्यासारख्याच वर्गात होता. लिहायचं म्हटलं की डोकं धरायचा. पण घरच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याच्या आत्तेभावाशी त्याचं भांडण झालं, हुरड्याला सुरती ज्वारी चांगली का गूळभेंडी. रात्री दीड वाजेपर्यंत दोघं लिहीत होते. कणीस कितव्या दिवशी काढायचं, भाजायला आरात शेणकुटं का लाकडं, दाणा हातावर चोळल्यावर सुटतो कसा, सगळं. पुरावे देऊन. मी वाचलं आणि मनात म्हटलं, याला लिहायला येत नाही असं म्हणतंय कोण?

भांडायला लावा, मॅडम. भांडताना माणूस मुद्दा सोडत नाही.

---

अनुस्वार | ३० ऑगस्ट, रात्री ९:३०

तीन आठवडे गेले. सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते, आणि एक चूक झाली आहे तीही सांगायची आहे.

'कशात दुसऱ्याची चूक लगेच कळते' हा प्रश्न फळ्यावर लिहिला. या वेळी चिठ्ठ्या निराळ्या आल्या. एकीनं लिहिलं, 'मेंदी काढताना कोन कसा धरलाय त्यावरून.' एकानं, 'शेंगाचटणी मिक्सरमध्ये केली की उखळात कुटली ते.' एकाच्या घरातले लोक गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पेलतात. त्यानं लिहिलं, 'बातमीत लिहितात की नंदीध्वज खांद्यावर घेतात, ते चूक.' मग कंबरेचा पट्टा, तोल, बाराबंदीत चालताना पाय कसा टाकायचा, सातही नंदीध्वज एका चालीत कसे राहतात, यावर तो तीन दिवस लिहीत होता. यात्रेच्या शेवटच्या विधीबद्दल, कप्पडकळीबद्दल, एका ओळीपलीकडे लिहीना. विचारलं तर म्हणाला, "तेव्हा मी झोपलेला असतो, थकून." मी सांगितलं, हेच लिही.

अर्जाचं तर फारच छान झालं. वर्गात पाच जण पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांची चर्चा मला आधी परकी वाटायची: १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मैदानी ५० गुण, लेखी १००. एकानं लिहिलं की १६०० मीटरमध्ये सगळे पहिल्या फेरीला मरतात, कारण शेजारचा पळतो म्हणून हाही पळतो. या मुलांचा सराव पहाटे पाचला, आणि त्यांच्या मैदानाच्या एका बाजूला दिवे नाहीत. पाचही जणांनी मिळून दिव्यांसाठी अर्ज लिहिला. चार वेळा. पहिल्या खर्ड्यात नुसता राग होता, दुसऱ्यात नुसती विनंती. तिसऱ्यात त्यांनी खांब मोजून आकडा घातला. चौथा नेऊन दिला आणि पोच घेतली. माळढोक सर, 'विषय' आणि 'संदर्भ' यांतला फरक मला शिकवावा लागला नाही, तो त्यांनीच विचारला.

इतिवृत्तासाठी गणेश मंडळाच्या बैठकीला गेलेल्या दोघांना लिहायला सांगितलं. तेही झालं. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता चूक. वर्गात एक मुलगी आहे, शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलतात. अक्षर मोत्यासारखं, तोंडातून शब्द नाही. तिची चिठ्ठी कोरी आली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, घरी कोण काय करतं? आई विड्या वळते. मी म्हटलं, मग त्यावर लिही, त्यातलं तुला जेवढं कळतं तेवढं आम्हाला कुणालाच नाही. तिनं लिहिलं. पान भिजवून ठेवणं, कात्रीनं बेतून कापणं, सूप मांडीवर घेऊन बसलेली आई, मोजणीच्या वेळी बाजूला काढलेल्या विड्या. इतकं नेमकं की मला राहवलं नाही. मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. नाव घेतलं नाही, पण वर्ग तिच्याकडे वळून बघायला लागला.

ती नऊ दिवस आली नाही. आता येते, मागच्या बाकावर बसते, वही देत नाही. मला वाटलं होतं मी तिला मान देतेय.

---

पूर्वभाग | ३१ ऑगस्ट, दुपारी २:५०

मी आजवर इथं फक्त वाचत आले. आज लिहिते.

मी साखर पेठेत वाढले. आमचं घर पद्मशाली (तेलुगू विणकर समाज), वडील मागावर, आई आणि आजी विड्या वळायच्या. आता बँकेत आहे, दोन मुलं आहेत. अनुस्वार ताई, तुम्ही मनानं चांगल्या आहात हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, म्हणून स्पष्ट लिहिते.

माझ्या शाळेत एका बाईंनी असंच केलं होतं. 'तुझ्या घरच्या कष्टांवर लिही.' मी लिहिलं. त्या रडल्या. मला बक्षीस मिळालं. त्यानंतर वर्गात मी 'विडीवाली' झाले आणि बारावीपर्यंत तीच राहिले. मला त्या वयात काय आवडायचं माहितेय? अवकाश. ग्रहांची नावं, त्यांचे चंद्र, कोणता किती मोठा. वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवायचे. ती वही कुणीच मागितली नाही. ज्या मुलांचे वडील डॉक्टर होते त्यांना कुणी सांगितलं नाही की वडिलांच्या दवाखान्यावर लिही. त्यांना विचारलं जायचं, तुला काय व्हायचंय. आम्हाला विचारलं जायचं, तुझ्या घरी काय करतात.

मागावरच्या मुलाची गोष्ट निराळी आहे. तो स्वतः उठून फळ्यापाशी आला. ते त्याचं होतं, त्यानं दिलं. या मुलीकडून तुम्ही काढून घेतलंत. तिची चिठ्ठी कोरी होती. कोऱ्या चिठ्ठीचा अर्थ 'सुचत नाही' असाच असतो असं नाही. 'अजून सांगायचं नाही' असाही असतो.

आईचं काम लिहिण्यासारखं आहेच. मी स्वतः आज ना उद्या आजीच्या सुपावर लिहिणार आहे. पण कधी आणि कुणासमोर, ते मी ठरवणार.

आणि तेलुगूबद्दल. आमची मुलं घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शेजारी कानडी, शाळेत मराठी बोलतात. चार भाषा येतात म्हणून त्यांना कुणी हुशार म्हणत नाही, 'मराठी कच्चं' म्हणतात. ती गप्प आहे म्हणजे तिच्याकडं शब्द नाहीत असं समजू नका.

---

माळढोक | ३१ ऑगस्ट, रात्री ९:१०

पूर्वभाग ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी कित्येक वर्षं आठवीला 'माझ्या आईचा दिवस' हा विषय देत होतो. चांगला विषय आहे अशी माझी समजूत होती. एका मुलानं एकदा कोरा कागद दिला, मी त्याला उभं केलं. पुढं कळलं त्याची आई तो तिसरीत असताना वारली होती. आज तो मुलगा कुठं आहे मला ठाऊक नाही. त्याची माफी मागायची राहिली.

---

खडूफळा | १ सप्टेंबर, सकाळी १०:००

मीही यातून शिकलो. एक आठवण मात्र नोंदवतो. १८५५ साली मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतल्या विद्यार्थिनीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या लोकांचं दुःख लिहिणं हे मराठीत एका विद्यार्थिनीनं इतक्या लवकर केलं आहे. म्हणून तो विषयच टाळायचा असं व्हायला नको.

---

पूर्वभाग | १ सप्टेंबर, दुपारी १:२५

टाळा असं मी म्हटलंच नाही. मुक्ताबाईंनी जाब विचारला होता. ज्यांनी वाचायचं, त्यांना मान खाली घालावी लागेल असं लिहिलं होतं. आमच्याकडून मागतात ती कहाणी, जी ऐकून बाईंना रडू येईल. दोन्हींत फार अंतर आहे.

---

अनुस्वार | १ सप्टेंबर, रात्री ११:०५

पूर्वभाग, तुमचं उत्तर वाचून मी काल रात्रभर जागी होते. आज तिला भेटले. वर्गात नाही, ग्रंथालयाच्या जिन्यात. सांगितलं की न विचारता वाचलं ही माझी चूक झाली, आणि तो कागद तिला परत दिला. तिनं घडी करून बॅगेत ठेवला. "बरं मॅडम," एवढंच म्हणाली.

आजपासून वर्गात नियम केलाय. प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मुलांनी लिहायचं: 'फक्त मॅडम', 'वर्गात चालेल' किंवा 'कुणीच नको'. तिसऱ्या प्रकारचे कागद मी उघडत नाही, लिहिले एवढीच नोंद करते.

---

वाचनवेडी | २ सप्टेंबर, सकाळी ९:४०

एक विचारू का? हल्ली मुलं फोनलाच सांगतात निबंध लिहून दे म्हणून. तुमच्याकडं हे होत नाही का?

---

अनुस्वार | २ सप्टेंबर, रात्री ९:५५

होतं ना. 'माझा आवडता सण'च्या वह्यांत तसे सहा-सात असावेत. मी पोलिसगिरी करत नाही, त्यात तास जातो आणि विश्वासही. पण एक दिसलं. जॅकार्डवाल्या मुलाच्या मित्रानं गंमत म्हणून फोनकडून 'सोलापुरी चादर' लिहून घेतलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. फोनच्या लिखाणात एकही चूक नव्हती. पण माळ तुटल्यावर पुठ्ठे परत शिवताना दोरा कुठल्या भोकातून ओवायचा, आणि तेवढा वेळ माग बंद म्हणून वडील बाहेर जाऊन चहा पितात आणि कुणाशी बोलत नाहीत, हे त्यात नव्हतं. मुलांनीच ओळखलं. मी बोललेही नाही.

जिथं मला खरोखर काही जाणून घ्यायचं असतं तिथं मुलं फोनकडं कमी जातात. मी नुसती तपासणार आहे असं कळलं की जातात.

---

कांडी | २ सप्टेंबर, रात्री ११:३०

वडील बाहेर जाऊन चहा पितात आणि कुणाशी बोलत नाहीत. आमचेही.

---

अनुस्वार | २७ सप्टेंबर, रात्री १०:२०

हे लिहिण्यापूर्वी मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "नाव नको, बाकी सांगा."

दोन आठवडे तिच्या कागदावर 'कुणीच नको' असायचं. मी उघडले नाहीत. मागच्या सोमवारी कोपऱ्यात 'फक्त मॅडम' दिसलं. चार पानं. विषय कोरियन भाषा.

ती गेली दोन वर्षं फोनवर कोरियन मालिका बघते. आधी उपशीर्षकं वाचून, मग अर्थ लावून. मग तिनं स्वतःच लिपी शिकायला घेतली. त्यांची लिपी सेजोंग नावाच्या राजानं पंधराव्या शतकात करवून घेतली, आज तिच्यात मूळ अक्षरं चोवीस, चौदा व्यंजनं आणि दहा स्वर. व्यंजनांचे आकार उच्चार करताना जीभ, ओठ, दात, घसा कसे असतात त्यावरून घेतलेत. तिथं तिनं लिहिलंय (तिचंच वाक्य, तिच्या परवानगीनं): 'मग मी आरशासमोर बसून क ख ग घ म्हटलं, मग च छ ज झ, मग ट ठ ड ढ. जीभ घशाकडून एकेक पायरी पुढं येती. प फ ब भ म ला ओठावर. बालवाडीपासून पाठ आहे पण हे असं का लावलंय ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.'

कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. मी हे दरवर्षी शिकवते. फळ्यावर तक्ता काढते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. माझ्या हातून ते कधी कुणाच्या जिभेपर्यंत पोचलं नव्हतं. ही मुलगी कोरियावरून फिरून तिथं आली.

पुढं आणखी आहे. कोरियन मुलं वडिलांना 'अप्पा' म्हणतात. तिच्या शेजारचे कानडी लोकही अप्पा म्हणतात. आईला ते 'ऑम्मा' म्हणतात, तिच्या घरी 'अम्मा'. पहिल्यांदा तिला वाटलं भाषांचं नातं असणार. मग तिनं शोधलं, वाचलं, आणि तिच्या हाती वेगळंच कारण लागलं: बाळाला ओठ मिटून उघडणं सगळ्यांत सोपं, म्हणून म आणि प-ब हे आवाज आधी येतात, आणि आईबाप ते स्वतःचं नाव म्हणून घेतात. खडूफळा सर, तुम्ही सांगितलेलं 'मला काय वाटत होतं, कुठं शोधलं, काय सापडलं' तिनं आपणहून केलंय. मी तिला ती पद्धत शिकवली नव्हती, त्या दिवशी ती वर्गात नव्हती.

शेवटचं पान एका प्रश्नावर थांबतं. बाबा ठीक आहे, ओठ मिटतात. पण 'आई' म्हणताना ओठ मिटत नाहीत. मग मराठी बाळ आई कसं म्हणायला लागलं?

मला उत्तर माहीत नाही, आणि तसं मी समासात लिहिलं. खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'मग मी शोधू का?'

मला स्वतःविषयी जे कळलं तेही लिहिते. ती पूर्व भागातली, तेलुगू घरातली, म्हणून तिच्याकडं लिहिण्यासारखं काय असेल हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. चादर, विडी, माग. तिची आवड शोधतेय असं मला वाटत होतं, आणि मी तिचा पत्ता वाचत होते.

शुद्धलेखनाच्या चुका चार पानांत २६. या खेपेला मी त्या दाखवल्या नाहीत. दुसऱ्या खर्ड्याला दोघी मिळून बघू असं ठरलंय, कारण तिला 'इ' आणि 'ई' नेमके कधी हे आता स्वतःलाच हवंय.

---

पूर्वभाग | २८ सप्टेंबर, सकाळी ८:१५

वाचून ऑफिसात डोळे पुसले. तिला सांगा, आमच्या गल्लीत आजीला 'अव्वा' म्हणणारेही आहेत. तोही शब्द तिनं घ्यावा. आणि आम्ही वडिलांना 'नान्ना' म्हणतो, तिथं ओठ मिटत नाहीत, जीभ दातांना लागते. याचं काय करायचं तेही तिनंच बघावं.

---

माळढोक | २८ सप्टेंबर, सकाळी ९:००

अनुस्वार ताई, माझ्याकडं मराठी व्युत्पत्तीचा एक जुना कोश आहे. 'आई' शब्दाचं पान काढून ठेवलंय. तिला उत्तर म्हणून देऊ नका. कोश कसा बघायचा ते दाखवा, पान तिला काढू द्या. पुढच्या आठवड्यात सोलापूरला येणार आहे, घेऊन येतो. परत नको मला.

---

मंगळवेढेकर | २८ सप्टेंबर, दुपारी १२:४०

मैदानावर दिवे लागले का?

---

अनुस्वार | २८ सप्टेंबर, रात्री ९:१५

पूर्वभाग, 'नान्ना' तिला सांगते.

माळढोक सर, या, वर्गातच या. तास ७:४०ला असतो.

दिवे अजून नाहीत. मुलांनी स्मरणपत्र लिहिलंय, त्यात जुन्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख घातलीय. सोमवारी देणार आहेत.

---

वाचनवेडी | २९ सप्टेंबर, रात्री ८:३०

तिचा पूर्ण निबंध इथं वाचायला मिळेल का? आम्ही सगळे वाट बघतोय.

---

अनुस्वार | ३० सप्टेंबर, दुपारी ३:४५

विचारलं तिला. नको म्हणाली. "दुसरा खर्डा होऊ दे, मग बघते."